द्राक्षाच्या पट्टीनं घेतलेलं बोटाचं माप

आमच्या मंडळींच्या बोटात लग्नातली अंगठी होती. मागच्या पावसाळ्यात गांधीलमाशी चावली, बोट टम्म सुजलं आणि सोनाराकडून अंगठी कापून काढावी लागली. तेव्हापासून बोट मोकळं. ती कधी बोलली नाही, पण चारचौघांत हात पदराखाली घ्यायची. तिच्या भाच्याचं लग्न ठरलं तसं मी घरात सांगून टाकलं, "मांडवात मोकळ्या बोटानं जायचं नाय. अंगठी मी घेणार."

द्राक्षाची तोडणी चालू. निफाडहून नाशिकच्या सराफात जायला सवड कुणाला? सूनबाईनं मोबाईलवर अंगठ्या दाखवल्या, एक पसंत पडली. पण तिथं बोटाचं माप मागत होते, एमएममध्ये.

"आबा, दोरा गुंडाळून मोजू."

"दोरा ताणतो. थांब जरा."

मी द्राक्षाच्या मण्याची जाडी मोजायची पट्टी आणली. प्लास्टिकची, एकेका एमएमनं वाढत जाणारी गोल भोकं असलेली. शाळा चौथीत सुटली, पण एमएम मला कुणी शिकवायचं काम नाय. बाहेर धुकं होतं. मंडळी गार पाण्यात भांडी घासत होत्या. तिथंच हात धरला.

"अहो, मी काय द्राक्षाचा मणी हाय का?"

"गप. बोट सरळ धर."

सतराच्या भोकात बोट अलगद गेलं. सूनबाईला म्हणालो, सतरा टाक.

अंगठी आली भर दुपारी. मंडळी भाकरी थापून उठलेल्या. अंगठी पेरापाशी अडली ती अडलीच. सून म्हणाली, "परत पाठवू आबा, एक नंबर मोठी मागवू."

"माप बरोबर हाय. परत जाणार नाय."

मी रागानं चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीच हात पुढं करून आल्या. अंगठी सरकन बसली! मी बागेत जाऊन मजुरांनासुद्धा सांगितलं.

दुपारी जेवायला आलो तर ही मोरीपाशी साबण लावून अंगठी ओढतेय. बोट लालबुंद.

"अगं, रुतत होती तर सांगायचं नाय का?"

"सकाळी तुमचं तोंड केवढं फुललं होतं. म्हटलं, जेवणापर्यंत तरी राहू द्या."

मी पट्टी काढली आणि तिथंच, उन्हात, पुन्हा माप घेतलं. अठरा. मग सूनबाईला हाक मारली, "ती परत पाठव. अठराची मागव."

सून ओठ दाबून हसली. "माप चुकलं का आबा?"

"माप नाय चुकलं. थंडीत घेतलं, एवढंच."

दुसरी अंगठी लग्नाच्या आदल्या दिवशी आली. मांडवात मंडळींनी अख्खी पंगत वाढली, पदर खोचून. विहीणबाईंनी विचारलं, कुठून घेतली? ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यांनाच विचारा. दोनदा माप घेतलंय."