रविवारचा पाहुणा

तेन्नरसन हे नाव ऐकून हा माणूस मराठी असेल असं कोणाच्या स्वप्नातही यायचं नाही, आणि विसाव्या वर्षी त्याला नेमकं तेच हवं होतं. मूळचा तो दत्ताजी. तंजावरहून मद्रासेत येऊन सैदापेटेत राहिलेल्या नागोजी रावांचा एकुलता एक मुलगा. आई लवकर गेली, म्हणून विधवा आत्या गोदाबाईने त्याला वाढवलं. नागोजी बंदराच्या कचेरीत कारकून होते. संध्याकाळी घरच्या ओट्यावर ते आपल्या लोकांच्या पोरांना बाळबोध अक्षरं शिकवत. दारावर पाटी होती: ‘नागोजी राव. येथे बाळबोध शिकवतात.’

पासष्ट साली हिंदी नको म्हणून सारं मद्रास पेटलं, आणि कॉलेजातला दत्ताजीही पेटला. त्यात चूक काय होतं? आपल्या भाषेवर दुसरी कोणी लादू नये, एवढंच तर ते म्हणणं. आंदोलन करणाऱ्या तमिळ पक्षाच्या वाचनालयात गुरुमूर्ती नावाचा त्याचा जिवलग मित्र होता. त्याने दत्ताजीचं बारसं नव्याने केलं आणि नाव ठेवलं तेन्नरसन, म्हणजे दक्षिणेचा राजा. राजाचं राज्य तूर्त डांबराच्या एका बादलीएवढं होतं. देवनागरी पाटी दिसली की ती काळी करायची, हा राज्यकारभार.

एका रविवारी भर दुपारी ही पलटण दत्ताजीच्याच गल्लीत शिरली आणि त्याच्याच दारापुढे थांबली. पोरांना बाळबोध काय आणि हिंदी काय, अक्षरं सारखीच. गुरुमूर्ती कधी त्याच्या घरी आला नव्हता. त्याने दत्ताजीच्या हातात ब्रश दिला आणि विचारलं, तेन्नरसन, हे घर कोणाचं? दत्ताजीने ब्रश डांबरात बुडवला.

“तेरियादु,” तो म्हणाला. ठाऊक नाही.

खिडकीआड नागोजी बसले होते.

संध्याकाळी दत्ताजी घरी आला तो बोलणी खायच्या तयारीने. माराचीही तयारी होती. पण नागोजी उठून उभे राहिले आणि तमिळमध्ये, परक्या माणसाला म्हणावं तसं, आदराने म्हणाले, “वांगो, तेन्नरसन. उक्कारुंगो.” या, बसा. ज्याला हे घर ठाऊक नाही तो पाहुणा, आणि पाहुण्याशी अदबीने बोलावं, हा त्यांचा साधा हिशेब. आत्यालाही ताकीद मिळाली की पाहुण्याशी घरची भाषा बोलायची नाही. त्या माउलीला तमिळ बोलायचं जिवावर येई, म्हणून ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली. ताट वाढायची आणि कवाडाआड उभी राहायची. पाटी मात्र नागोजींनी पुसली नाही. काळीची काळीच दारावर राहू दिली.

दत्ताजीला वाटलं, आठवडाभर चालेल हे. पण म्हातारे मराठे हट्टाला पेटले म्हणजे आठवडे मोजत नाहीत.

पुढे त्याला नोकरी लागली. पक्षाच्या रीतीने, भटजीवाचून, कामाक्षीशी लग्न झालं. अण्णा नगरात हाउसिंग बोर्डाचा फ्लॅट मिळाला. बहात्तर साली पक्ष फुटला. वाचनालयाच्या मधोमध सुतळी बांधली, अर्धे बाक इकडे, अर्धे तिकडे. गुरुमूर्ती तिकडे गेला. दोघांच्या धोतरांना पक्षाच्या रंगांचे काठ, त्यांत फरक एका पांढऱ्या रेघेचा, पण त्या रेघेपायी ज्याने नाव ठेवलं त्याने ते घ्यायचंही सोडलं. रस्त्यात दिसला तर तोंड फिरवून चालू लागे. कामाक्षी क्रांतिकारक लग्नाची बायको खरी, पण नवऱ्याचं नाव घेणं तिला पाप वाटे. ती आपली “येन्नंगो”, म्हणजे अहो, म्हणून हाक मारी. कचेरीत सगळे ‘सर’ म्हणत. राजाला नावाने हाक मारील असा माणूस राज्यात उरला नाही.

तेव्हा त्याला ओढ लागली. मोठी काही नव्हे. अप्पांनी एकदा, “ये रे दत्ता,” म्हणावं, एवढीच. त्यासाठी तो दर रविवारी बस बदलून सैदापेटेला जायचा. ‘अप्पा’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच, तेवढा त्याच्याकडे शिल्लक होता. तो दारातून “अप्पा” म्हणे. नागोजी “वांगो” म्हणत. बसा, प्रकृती कशी, पोरं काय शिकतात. मग ठरलेला प्रश्न, तमिळमधून आणि आदरार्थी, की जेवण झालं का? आतून आमटीच्या फोडणीचा वास येत असे, पोटात कावळे ओरडत असत. पण पाहुणा म्हणून पानावर बसायचं नाही, हा दत्ताजीचा हट्ट. बापाचाच मुलगा तो. “आच्चु,” तो म्हणे. झालं. अर्ध्या तासाने उठायचा आणि बस स्टँडवर उभ्याने दोन इडल्या खायचा.

शहाऐंशी साली हिंदीविरोधाचं वारं पुन्हा सुटलं. दत्ताजी आता वॉर्डाचा सेक्रेटरी, कानांवर पांढरे केस. एका रविवारी तो सैदापेटेला गेला, तर त्याच्याच पक्षाची नवी पोरं त्या गल्लीत डांबर घेऊन फिरत होती. नागोजींच्या दारापुढे ती घुटमळली. पाटी आधीच काळी. आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं? घर कोणाचं, असं त्यांनी सेक्रेटरीला विचारलं.

“माझं,” दत्ताजी म्हणाला. मग गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “माझ्या अप्पांचं घर आहे. ही पाटी मी काळी केली.”

पोरं खाली मान घालून निघून गेली. दत्ताजी उंबऱ्याशी उभा राहिला. एकवीस वर्षांनी उत्तर दुरुस्त केलं होतं. नागोजी काठी टेकत बाहेर आले, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “वांगो. उक्कारुंगो.” त्या दिवशी परतताना तो बस स्टँडवर इडलीसाठीही थांबला नाही.

नागोजी गेले ते शहाण्णव साली. त्याच वर्षी मद्रासने आपलं नाव चेन्नई करून घेतलं, आणि दत्ताजीला वाटलं, या गावाला तरी जुन्या नावाने हाक मारणारे पुष्कळ उरतील. तेरावं झालं, पाहुणे पांगले. गोदाआत्या कवाडाआडून बाहेर आली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. ताकीद देणारा आता नव्हता.

“दत्ता,” ती म्हणाली.

एकतीस वर्षांनी ते नाव या घरात त्याच्या कानावर पडलं. मनात दहा वर्षं सलत होतं ते त्याने विचारलं. त्या रविवारी दारात तो जे बोलला, ते अप्पांनी ऐकलं का?

“त्याचे कान केव्हाच गेले होते. मी सांगितलं त्याला. तू गेल्यावर.”

“मग? काय म्हणाले?”

“काय म्हणणार? दर रविवारी म्हणायचा तेच. तू फाटकाबाहेर पडलास की मला विचारायचा, गोदे, दत्ता जेवला की? तोंड वाळलंय त्याचं.”

ज्या नावासाठी दत्ताजी जन्मभर बस बदलत आला, ते दर रविवारी याच घरात घेतलं जात होतं, तो फाटकाबाहेर पडल्यावर. दोन मिनिटं थांबला असता तर? फाटकातून एकदा मागे फिरला असता तर?

“मग तू काय सांगायचीस?”

“जेवून आलाय म्हणतो, असं सांगायची.”

“जेवलो नव्हतो, आत्या,” तो मराठीत म्हणाला. जीभ अडखळत होती. “एकदाही जेवलो नव्हतो.”

“ते त्याला ठाऊक होतं,” गोदाआत्या म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून पान मांडायला उठली.