रिकामे तळवे

तुंगारेश्वरचं अभयारण्य नवं होतं, तेव्हा रविवारी तिथल्या देवळात दर्शनाला गेलं की गिरीज गावचे एक काका दिसायचे. चर्च आटोपून ते वनखात्याच्या मदतीला बिनपगारी येत. घरी केळ्यांची वाडी, पण इथे डब्यातलं केळं ते चौकीचं दार लावून चोरासारखं खायचे. मग बाहेर येऊन माकडांना दोन्ही रिकामे तळवे दाखवायचे.

एकदा मी माकडापुढे केळं धरलं, तर काकांनी माझा हातच धरला. पुण्यकर्मात हे कोण आडवे येणारे, म्हणून मी चिडलो.

“आज दिलंत, तर उद्यापासून ते झाडाकडे बघायचंच नाही.”

मी केळं चौकीत ठेवून आलो आणि त्यांच्यासारखेच तळवे दाखवले. माकडाने आम्हा दोघांकडे पाहिलं. मग उंबरावर चढून ते फळं खाऊ लागलं.

“गेला कामाला,” काका म्हणाले, मुलाला नोकरी लागल्यासारख्या समाधानाने.