स्कॅनरला न दिसलेली तार

गाडी आली की तो आधी बिघाड शोधणारा स्कॅनर लावायचा, म्हणून गॅरेजात सगळे त्याला डॉक्टर म्हणत. तोही ते मिरवायचा.

वहिनीची जुनी गाडी चालता चालता बंद पडायची. "भावोजी, तापल्यावरच असं होतं," ती सांगत होती. त्याने थंड गाडीलाच स्कॅनर जोडला. दोष काही दिसला नाही. बाकावर गिऱ्हाइकं बसली होती. त्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "वहिनी, इंजिन ठणठणीत आहे. दुरुस्ती ड्रायव्हरची करावी लागेल."

सगळे हसले. तीही हसली, पण कानापर्यंत लाल झाली.

त्याच आठवड्यात गाडी भर चौकात बंद पडली. मागच्या सीटवर पुतणी होती. ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. गाडी ओढून गॅरेजात आणली. वहिनी आली नाही.

आता त्याने इंजिन चांगलं तापू दिलं आणि तारांचा जुडगा हाताने हलवला. इंजिन गप्प. एक तार वरून धडधाकट, आतून तुटलेली होती. स्कॅनर अजूनही दोष नाही म्हणत होता. इतक्या जुन्या गाडीचा संगणक असा क्षणभराचा बिघाड नोंदवत नाही, हे त्याला माहीत नव्हतं का? पुतणीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्याला स्वतःचीच किळस वाटली.

गाडी न्यायला दादा आला. "ती आता स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणते. तूच म्हणालास ना, तिला जमत नाही."

गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. "तिचं काही चुकलं नव्हतं, दादा. मी नीट बघितलंच नाही."

"मला काय सांगतोस? तिला सांग."

त्याने फोन लावला. सगळं ऐकून घेऊन वहिनीने विचारलं, "त्या दिवशी हसले ते आहेत का तिथे?"

बाकावर त्यांतले दोघे होते. "आहेत."

"मग त्यांनाही ऐकू जाऊ दे. त्या दिवशी आवाज चांगला मोठा होता तुमचा."

त्याने मान खाली घालूनच मोठ्याने सांगितलं, "चूक वहिनीची नव्हती. माझी होती." बाकावरचे दोघे चपलांकडे बघत राहिले.

मग वहिनी फोनवर म्हणाली, "यांना रिक्षाने परत पाठवा. गाडी न्यायला मी येते."

"या, वहिनी," तो म्हणाला. दादाकडे बघायचं धाडस मात्र त्याचं झालं नाही.