बसऱ्याचं पार्सल

पैसे खालच्या पायरीवर ठेवायचे आणि चार पावलं मागं सरायचं. गिरणीमागच्या पोस्टात आम्हा महारांसाठी ही रीत होती. शिपाई त्या पैशांवर तांब्याभर पाणी ओतायचा आणि मगच ते उचलायचा.

त्या दिवशी आईनं चार रुपये ठेवले. दंडातली चांदीची वाकी मोडून आणलेले. माझा थोरला भाऊ सखाराम समुद्रापार बसऱ्याच्या बंदरात हमाल होता. तिकडून पार्सल आलं होतं. परदेशातून आलेल्या मालावर सरकारी जकात पडते, ती भरल्याशिवाय पार्सल मिळणार नाही, असं सांगून कारकुनानं आम्हाला दोनदा परत पाठवलं होतं.

तो वर ओट्यावर टेबलाशी बसलेला. पार्सलावरचा इंग्रजी कागद त्यानं मुद्दाम मोठ्यानं वाचला. "कोट एक. बूट एक जोडी. पितळी थाळी एक." मग रांगेतल्या लोकांकडं बघून हसला. "काय गं म्हातारे, पोरगा साहेब झाला की तुझा! आता महारवाड्यात बूट घालून फिरणार."

लोक हसले. आईही हसली. तिला ते कौतुक वाटलं. मला तिचाच राग आला. वीस वर्षांची होते मी, गिरणीत रीळखात्यात काम करत होते, तोंड होतं मला. पण मान खाली घालून उभी राहिले.

आई म्हणाली, "रावसाब, पाया पडते. माज्या सख्यानं काय लिवलंय तेवडं वाचा की."

कारकुनानं पुन्हा कागद पाहिला. आईकडं पाहिलं. म्हणाला, "खुशाल आहे म्हणतोय."

मी पावती मागितली.

"पावती? वाचता येते का तुला?" असं म्हणून त्यानं पार्सल पायानं खाली ढकललं.

आईनं वस्तीभर गूळ वाटला. कोट खुंटीला टांगला, येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कापड हात लावून बघायला लावलं. पाच दिवस नुसती मिरवत होती. मला मात्र ती थाळी खुपत होती. ती नवी नव्हती. काठाला पोचा आलेली, सखारामनं जाताना घरातूनच नेलेली. ज्या थाळीत माणूस रोज जेवतो ती घरी कशाला पाठवेल? मग तो जेवतो कशात?

रविवारी तो कागद घेऊन मी वस्तीतल्या शाळेच्या मास्तरांकडं गेले. आमच्यातलेच होते ते. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"बाई, हे मयताचं सामान आहे. सखाराम तापानं गेला. तीन महिने झाले. आणि हा शिक्का बघ. मयताच्या सामानाला जकात माफ."

आईला मीच सांगितलं. तिला पटेना. "आगं, पन त्यो खुशाल हाय म्हनला की! सायबानं कागदावर बगून सांगितलं." तासभर हेच. मग तिनं कोट खुंटीवरून ओढला, त्यात तोंड खुपसलं आणि किंचाळली.

कारकुनानं चार रुपये खाल्ले, हे मला कळतं. खाणारे आम्ही जन्मापासून बघतो. पण समोर आई उभी आहे, हातातल्या कागदावर तिचा मुलगा मेलेला आहे, आणि हा म्हणतो खुशाल आहे. गंमत म्हणून! माझ्या आईनं त्या मेलेल्या पोराचा गूळ वाटला. आजही आठवलं की अंगाची आग होते.

सोमवारी गिरणीचा भोंगा झाला, मी गेले नाही. पोस्टात गेले. पायऱ्या चढले. सगळ्या.

"खाली हो! बाटवलंस सगळं!" कारकून उठून भिंतीला टेकला.

मी कागद टेबलावर ठेवला. "वाचा."

त्यानं खणातून चार रुपये काढून माझ्या पायाशी फेकले. "घे आणि चालती हो."

"वाचा. मोठ्यानं. रांगेला ऐकू जाऊ द्या."

शिपायानं काठी उगारली. मारलीही, खांद्यावर. मी टेबलाची कड सोडली नाही. गलका ऐकून आतून पोस्टमास्तर आले. त्यांनी कागदाला हात लावला नाही, लांबूनच वाकून मोठ्यानं वाचला. सखाराम, मयत, जकात माफ. रांगेत कुणी हसलं नाही. पोस्टमास्तर कारकुनाला एवढंच म्हणाले, "पैसे परत दिलेत ना? मग झालं." आणि शिपायाला ओटा धुवायला सांगून आत गेले.

पैसे मी उचलले. आईची वाकी होती ती, सोडणार नव्हते. कारकून दुसऱ्या दिवशीही त्याच टेबलाशी बसला. त्याचं काही वाकडं झालं नाही.

मी मास्तरांकडं इंग्रजी अक्षरं गिरवायला बसले. मास्तर म्हणतात, राग आवर. मी आवरत नाही. वस्तीत कुणाचाही कागद आला की मी त्या माणसाला घेऊन ओट्यावर चढते, टेबलाशी उभी राहते आणि स्वतः वाचते. आम्ही उतरलो की ते ओटा धुतात. धुवू देत. दिवसातून दहादा धुवावा लागला, तरी मी चढणार.