बिनकामाचं चालणं

आबांच्या छातीत स्प्रिंगा बसवल्या त्या सांगलीत, माझ्या घराजवळच्या दवाखान्यात. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि रोज चालायचं. चालणं झालं नाही तर परत इथंच यावं लागेल, आणि तेव्हा एवढ्यावर भागणार नाही. इंग्रजी कागद मी वाचून दाखवला. आमच्या घरात ते काम माझंच. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली, आणि मला त्याचा अभिमान आहे. आबांनाही आहे. कुणी न विचारता ते पाहुण्यांना सांगतात, आमची पोरगी एमे झालीया. पण त्यांना चालतं करायला माझ्या एमेचा काही उपयोग झाला नाही.

आमचं गाव उंब्रजच्या जवळ, कृष्णेच्या काठाला. गावात बिनकामाचं कुणी चालत नाही. रस्त्यानं निघालेल्या माणसाला दहा ठिकाणी विचारतात, कुठं निघालाय? मोटर चालू करायला, दळण आणायला, सोसायटीत, असं काहीतरी उत्तर लागतंच. नुसताच चाललोय म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असतं. आबांना यातलं काहीच व्हायचं नव्हतं. दवाखान्यातले दिवस त्यांनी गावाला ‘लेकीकडं राहायला गेलतो’ असे सांगितले होते. आईलाही तेच सांगायला लावलं होतं.

आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी म्हटलं, तुम्ही आयुष्यभर चाललाय, आता काय झालं?

“तितं हुकूम असायचा,” ते म्हणाले.

ते ओट्यावर बसून राहिले. ऊस बघायला जायचं तरी गाडीवरून. आई फोनवर हळू आवाजात रोज सांगायची, आजबी न्हाई चाललं. भेटायला गेले तेव्हा त्यांचा रंगही मला बरा दिसला नाही.

मग मी ठरवलं की रविवारी आपण ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी चालायला जायचं. आबा, आई, माझी दोन पोरं आणि मी. पोरांसाठी आहे म्हटलं की आबा नाही म्हणत नाहीत, हे मला माहीत होतं.

पहिल्या रविवारी तारळी नदीच्या काठाकाठानं गेलो. खोरं चांगलं आहे. वाट सपाट, पाणी संथ, दोन्ही बाजूंना डोंगर, पोरांनाही झेपेल असं. पण वाटेत ऊस लागला. आबा प्रत्येक सरीपाशी थांबले. ह्या उसाला खत कमी पडलंय, ह्या गड्यानं बेणं जुनं वापरलंय, असं चाललं होतं. एका शेतकऱ्यानं चहाला बसवलं, मग पाहुणेपण निघालं, आणि बाकीचा वेळ त्याच्या पडवीत गेला. चालणं झालं ते गाडीपर्यंत परत येण्याएवढंच.

म्हणून पुढच्या वेळी मी वरची वाट धरली. नदी सोडून चढत पठारावर जायचं. वर ना ऊस, ना पडवी. पाऊस सरलेला, दसरा तोंडावर आलेला. आबा घरातून निघाले तेव्हा त्यांच्या कमरेला विळा होता आणि खांद्यावर दोरीचं वेटोळं. आईनं विचारलं, हे कशाला? आबा म्हणाले, असू दे. मी ओळखलं. कुणी विचारलंच तर वैरणीला चाललोय म्हणता येईल. विळा घेऊन का होईना, माणूस चालतोय म्हणून मी खूश होते.

चढ ते चांगले चढले. दम लागला की थांबायचे आणि थांबल्याचं कारण म्हणून धाकट्याच्या बुटाची नाडी बांधायचे. ती नाडी त्या दिवशी फार वेळा बांधली गेली. वर पोचलो तसा वारा लागला. पठार दूरवर मोकळं. जांभ्या दगडाचे सपाट पट्टे, मधेच पिवळी सोनकी, कडेकडेनं पवनचक्क्या, आणि बाकी सगळं कमरेएवढं गवत. पोरं पळत सुटली. आबा गवताच्या कडेला उभे राहिले आणि सवयीनं एक काडी मोडून दातात धरली.

तिथं दगडाच्या आडोशाला एक बाई बसली होती. आईच्या वयाची, डोक्यावर पोतं, हातात काठी. ती तिथल्याच वाडीची, गवत राखायला बसलेली. वाडीनं दिवस ठरवल्याशिवाय तिथं कुणी गवताला विळा लावत नाही, हे तिनं आम्हाला नंतर सांगितलं. आदल्याच आठवड्यात कुणीतरी भारा कापून नेला होता. ती उठून सरळ आबांच्या समोर आली.

“पावनं, कुणाच्या गवताला इळा लावायचा इचार हाय?”

आबा म्हणाले, कुणाच्याच नाही, वैरण कशी आलीय ती बघतोय.

“बघायला इळा लागतोय व्हय?”

मी पुढं होणार होते. आईनं माझा दंड धरला, आणि बराच जोरात धरला.

आबा म्हणाले, फिरायला आलोय. हळूच म्हणाले. बाईनं काय म्हणून विचारलं, तेव्हा परत सांगावं लागलं. फिरायला, नुसतं. ती म्हणाली की फिरायला येणारी माणसं मला ठाऊक आहेत. गाडीतनं येतात, चक्क्यांचे फोटो काढतात, बाटल्या टाकून जातात. दोरी घेऊन आलेला एकही बघितला नाही. वाडीतल्या माणसांना हाक मारू का, असंही तिनं विचारलं.

आबांचं तोंड लाल झालं. जन्मात कुणी त्यांना चोर म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पवनचक्कीकडं बघत बोलले.

“बाई, माज्या छातीत स्प्रिंगा बसवल्यात. डाक्टर चाल म्हणतोय. बिनकामाचं चालायची लाज वाटती, म्हणून इळा घेतला. तुमच्या गवताला हात लावला न्हाई.”

ती काडी त्यांच्या दातातच होती. बाईनं ती बघितली असावी.

“मग चाला की,” ती म्हणाली. “हितं हुबं राहून काय व्हनार?”

विळा आणि दोरी मात्र तिनं ठेवून घेतली. जाताना घेऊन जा म्हणाली. आबा रिकाम्या हातांनी निघाले. थोडा वेळ त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. मग त्यांनी ते कवायतीतल्यासारखे पाठीमागं धरले. पठाराच्या टोकापर्यंत आम्ही गेलो. तिथून खाली सगळं खोरं दिसतं, नदी दोरीएवढी. आबा बसले नाहीत. पोरांनी गाव विचारलं तर बोटानं दाखवलं, आणि परत फिरले.

येताना आईनं त्या बाईला आमच्यातल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. ती खात खात आबांना विचारत होती, स्प्रिंगा आत खुपतात का, पावसात गंजत नाहीत ना. आबा सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं देत होते. दवाखान्याविषयी ते घरात जेवढं बोलले नव्हते, तेवढं तिच्याशी बोलले.

गावात ते सांगणं लगेच झालं नाही. मधे बरेच दिवस गेले. एका सकाळी ते कालव्याच्या रस्त्यानं निघाले, आणि पारावरच्या माणसांनी विचारल्यावर खरं काय ते सांगून टाकलं. आई म्हणाली, कुणी हसलं नाही. त्यांच्याबरोबरचा एक जुना फौजी तेवढा म्हणाला, “मलाबी हायत की रं दोन. मी कुटं बोललो?” दुसऱ्या दिवसापासून तोही बरोबर निघाला. आता दोघं चालतात आणि पाय कुणाचा चुकतो यावरून भांडतात.

गेल्या महिन्यात मी फोन करून सांगितलं, रविवारी येतो, पठारावर जाऊ. आबा म्हणाले, मी आणि तुझी आई, आम्ही दोघंच जातो.

“तुमी नका येऊ. तुमची पोरं लय थांबत्यात.”