अंतराळातली पाइपलाइन

मिलिमीटरचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. निवृत्तीनंतरही. छत्तीस वर्षं त्याने कारखान्यात वाफेचे पाइप जोडले होते आणि 'जवळपास बरोबर' हे शब्द कानावर पडले की त्याचं पित्त खवळायचं. म्हणून कामगारांनी त्याचं 'मिलिमीटर' हे नाव ठेवलेलं. 'बरं आहे' असं तो आयुष्यात दोनदाच म्हणाला होता. एकदा बायकोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आणि एकदा मोठा बॉयलर चाचणीत टिकला तेव्हा.

लेकीला तिसरं 'बरं आहे' हवं होतं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत ती भिंती, जिने, पाइप रचायची. दोन वर्षं खपून तिने आख्खं अंतराळयान उभं केलं होतं. तिच्या शिक्षणाची फी बापाच्या ओव्हरटाइममधून गेली होती. "पोरीला खेळ शिकवायला एवढे पैसे? मी बघ, प्लॉट घेतला," असं मेहुणा अजून ऐकवायचा.

रविवारी सकाळी तिने बापाच्या डोळ्यांवर खेळाचा जाडजूड चष्मा चढवला, दोन्ही हातांत खेळ चालवायच्या बटणांच्या दोन मुठी दिल्या.

"वेल्डिंगच्या मुखवट्यापेक्षा हलका आहे," मिलिमीटर म्हणाला.

"बाबा, राक्षस दिसला की गोळी घाला. विचार करू नका."

काचा उजळल्या आणि मिलिमीटरने आ वासला. पायांखाली लोखंडी जाळी, खिडकीबाहेर काळोखात लुकलुकणारे तारे, डोक्यावर अजगरासारखे पाइप. त्याने पाइप चाचपायला हात वर केला. बोटं दाराच्या चौकटीवर आपटली.

"अहो, घर फोडू नका!" बायको आतून ओरडली.

आठ पायांचा राक्षस लाळ गाळत आला. मिलिमीटरने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. राक्षसाने त्याचा फडशा पाडला.

"बाबा, मेलात!"

"मरू दे. हा पाइप कशावर टेकलाय?"

पुन्हा डाव मांडला. पुन्हा मेला. सहाव्यांदा मरून त्याने चष्मा काढला.

"चाळीस पावलं चाललो. पाइप धरून ठेवणारा एकही क्लॅम्प नाही! वाफ सोडली की पाइप थरथरणार, जोड उकलणार, सगळे भाजून मरणार. राक्षसाला कष्टच पडायचे नाहीत."

"बाबा, खेळताना पाइपकडे कोण बघतं?" लेक उसळली. "दोन वर्षं घातली मी यात."

"म्हणूनच बघतोय ना! नाहीतर राक्षसच मारले असते." त्याने कागद ओढला. "पेन्सिल आण."

त्याने क्लॅम्पचं चित्र काढून दिलं, मापासकट. लेक फणकाऱ्याने कागद घेऊन गेली.

तिसऱ्या रविवारी ती चष्मा घेऊन आली. मिलिमीटर यानात शिरला. दर तीन पावलांवर क्लॅम्प. प्रत्येकाला दोन बोल्ट. त्याने खाली बसून खालची बाजूही पाहिली. तिथेही नट होते, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं. एवढ्यात राक्षसाने त्याला गिळलं.

"बरं आहे," राक्षसाच्या पोटातून मिलिमीटर म्हणाला.

रडावं की हसावं लेकीला कळेना.

"तिला दोन वर्षं लागली," बायको दारातून म्हणाली. "मला ते पाच मिनिटांत मिळालं होतं."

संध्याकाळी मेहुणा आला आणि नेहमीचं सुरू झालं. "मी प्लॉट घेतला. तू एवढा राबलास, काय घेतलंस?"

"यान," मिलिमीटर म्हणाला. "क्लॅम्पसकट."