आप्पांनी शिफारस केलेलं पुस्तक

आप्पा गेल्याचा निरोप त्यांच्या गावाहून, वालूरहून, सकाळच्या गाडीनं आला. निरोप आणणारा माणूस दारात उभा राहून एवढंच म्हणाला की पेशकारसाहेबांची तब्येत जरा जास्त हाय, तुमी निघा. पण बोलताना त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून हातात घेतलं होतं. सासूबाईंनी ते पाहिलं, चुलीतली लाकडं मागे ओढून त्यावर पाणी मारलं आणि मला म्हणाल्या, "चल." आम्ही पोचलो तेव्हा आप्पांना भिंतीला टेकवून बसवलेलं होतं, आमच्या लिंगायतांत बसवतात तसं. संध्याकाळच्या आत भावकीच्या शेतात त्यांना माती दिली आणि चार दिवसांनी आम्ही दोघी परभणीच्या घरी परत आलो.

मग भेटायला माणसं येऊ लागली. ओसरीवर बसायची आणि उठताना जवळपास प्रत्येक जण म्हणायचा, मोठा वाचणारा माणूस गेला. ते मनापासून म्हणायचे. तरी ते ऐकलं की सासूबाई पदर सारखा करायच्या आणि मी जमिनीकडे बघायची. आमच्या घरात या एका गोष्टीभोवती इतकी वर्षं इतकी लाज साचलेली होती की चांगल्या शब्दांनीही ती हलायची... हे सगळं लिहू का, असं मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. त्यांनीच सांगितलंवतं की चार लोकांत."

आप्पा माझे सासरे. वालूरच्या व्यापारी घरातले, पण दुकानात रमले नाहीत. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू आणि कचेरीही उर्दू. आप्पा त्या शाळेत पहिले यायचे. पुढे तहसिलीत पेशकार झाले, म्हणजे तहसीलदारासमोर कागद मांडणारा, त्याचा मजकूर वाचून दाखवणारा माणूस. त्यांचं उर्दू ऐकायला पक्षकार उगीच थांबून राहायचे, असं सांगतात. घरी त्यांच्याकडे बादशहांच्या, बेगमांच्या, हवेल्यांमधल्या हकिकतींची पुस्तकं होती. रोज कचेरीतून आल्यावर ओसरीवर शेजारी जमायचे आणि आप्पा त्यातले किस्से सांगायचे. घरच्या मराठीशी त्यांचा संबंध बोलण्यापुरता. बालबोध अक्षरं ओळखू यायची, पण एकेक करून, आणि जोडाक्षर आलं की गाडी थांबायची. तोवर त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

संस्थान गेलं, आणि काही वर्षांनी आम्ही मुंबई राज्यात आलो तसा कचेरीतला कागद मराठी झाला. ज्या पोरांना आप्पांनी टाचणी कशी लावायची ते शिकवलं होतं, ती पोरं आता त्यांना कागद वाचून दाखवू लागली. वाचणारा माणूस ऐकणारा झाला. गुडघे दुखतात असं सांगून त्यांनी मुदतीआधीच पेन्शन घेतली. गुडघे काही दुखत नव्हते. लांबच्या पेडगावपर्यंत ते चालत जाऊन चालत यायचे.

मी या घरात आले ती सोलापूरहून. तिकडे मुलींच्या शाळेत सातवी झालेली, सगळं मराठीत. आमचे हे नांदेडला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. दुपारी काम उरकलं की मी वाचत बसायची, पण आप्पांची चाहूल लागली की पुस्तक पदराखाली घालायची. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. ज्या घरात मोठ्यांना येत नाही ते आपल्याला येतं, याचं माझं मलाच कसंसं व्हायचं.

एक दिवस वाचनालयाचे चिटणीस घरी आले. ते शाळामास्तर होते, उत्साही. दर महिन्याला एका विषयावरची वाचावीत अशी पुस्तकं कुणी जाणत्यानं लोकांना सांगावीत, असं त्यांनी सुरू केलं होतं. पुढचा विषय होता राजेरजवाडे आणि त्यांची घरं. बेगमांचे किस्से सांगणाऱ्या पेशकारसाहेबांवाचून दुसरं कोण बोलणार, असं म्हणून त्यांनी तीन मराठी पुस्तकं आप्पांच्या पुढ्यात ठेवली. मला येत नाही, हे तेव्हा म्हणायला हवं होतं. आप्पा म्हणाले, "ठेवा. बघतो."

पुढचे काही दिवस ते ओसरीवर पुस्तक उघडून बसायचे. मी झाडायला गेले की पान तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एका दुपारी सासूबाईंनी त्यातलं एक पुस्तक स्वयंपाकघरात आणून माझ्यासमोर ठेवलं. "मला वाचून दाखव," म्हणाल्या. मी वाचायला लागले तर त्या म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाच. मला कमी ऐकू यायलंय." सासूबाईंना परसात मांजर आलेलं घरात बसून कळायचं. तरी मी मोठ्यानं वाचू लागले.

ते पुस्तक एका लहानशा संस्थानात राजकन्यांना शिकवायला राहिलेल्या बाईंनी लिहिलेलं होतं. त्यात लढाया नाहीत, दरबार नाही. राजाच्या तीन राण्या, त्यांच्या तीन चुली आणि एकमेकींशी कित्येक वर्षांचा अबोला. एकीकडे मीठ संपलं तरी दुसरीकडे मागायचं नाही. मग एक म्हातारी दासी आपल्याच मनानं ओच्यातून मीठ नेऊन तिन्हीकडे टाकायची, आणि आपलं मीठ कसं सरत नाही याचा प्रत्येक राणीला अभिमान. तिथे आलो आणि सासूबाई खुदकन हसल्या. मीही हसले. तेवढ्यात भिंतीपलीकडून, ओसरीवरून, तिसरं हसू आलं आणि लगेच त्याचा खोकला झाला. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढं वाच."

अशी तिन्ही पुस्तकं झाली. आप्पांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

कार्यक्रमाला वाचनालयाची खोली भरली होती. बायका एका कडेला बसल्या होत्या, त्यात आम्ही दोघी. आप्पा शेरवानी घालून आले होते. ते फार सुरेख बोलले. म्हणाले की राजाचा मोठेपणा सांगणारी पुस्तकं पुष्कळ असतात, पण राजाच्या घरात मीठ कोण पोचवतं ते सांगणारं पुस्तक घरी न्या. लोक हसले, डोलले. माझा ऊर भरून आला होता. बोलणं संपलं तशी पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी प्रेमानं विनंती केली, ती मिठाची हकिकत आपल्या तोंडून पुस्तकातलीच ऐकवा. चिटणिसांनी झटकन ते पान काढून पुस्तक आप्पांच्या हातात दिलं.

आप्पांनी चष्म्यासाठी खिसा चाचपला. चष्मा डोळ्यांवरच होता. मग त्यांनी पहिला शब्द सुरू केला... एक अक्षर, मग दुसरं. तिसरं जोडाक्षर होतं. ते थांबले, परत पहिल्यापासून लागले. मागे कुणीतरी पोरसवदा कारकून फिसकन हसला. हातातला रुमाल मी तोंडात धरला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

आप्पांनी पुस्तक मिटलं. "मंडळी, मला हे वाचता येत न्हाई," ते म्हणाले. "उर्दू येतं, फारसी येतं. आपली बोली लिहिलेली वाचता येत न्हाई. हे आमच्या सूनबाईंनी वाचलं, मी आडून ऐकलं. शिफारस त्यांची समजा." आणि ते खाली बसले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मान वर करून पाहिलं ते एवढंच, की आप्पांच्या वयाचे तिथे जेवढे होते ते सगळे खाली बघत होते. वकीलही. सगळे त्याच शाळांत शिकलेले.

त्यानंतर आप्पा घराबाहेर पडेनासे झाले. दाढी वाढली. ओसरीवरची बैठक मोडली, कारण शेजारी आले की ते आत जाऊन पडायचे. आडावर बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. एकीनं विचारलंच, सासऱ्याला तू शिकवतेस म्हणे. कार्यक्रमातून परत घरी आलेली ती पुस्तकं मी माळ्यावर टाकली. आप्पांनी चारचौघांत माझं नाव घेऊन मला मोठेपणा दिला होता, आणि मला तो मोठेपणा कुठे लपवावा ते कळत नव्हतं. घरात तिघं असून भांड्यांचा तेवढा आवाज असायचा.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मी भाकरी थापत असताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर सावली पडली. आप्पा होते. दाढी केलेली. हातात तेच पुस्तक, माळ्यावरून स्वतः काढलेलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "मिठाची गोष्ट कोणत्या पानावर हाय?"

मी पान सांगितलं. ते उंबऱ्यापलीकडे पाट घेऊन बसले आणि शब्दाखाली बोट धरून लागले. अडले की थांबायचे, आणि मी तव्यावरच्या भाकरीकडे बघत तो शब्द म्हणायची, जशी काही मी माझ्याशीच बोलतेय. याला आम्ही कुणी शिकवणं म्हटलं नाही. त्या दिवशी अर्धं पान झालं. दुसऱ्या दिवशी ते परत आले. मुदपाकखाना, फरासखाना, जामदारखाना असले राजवाड्यातल्या स्वयंपाकघराचे, सतरंज्यांचे, खजिन्याचे शब्द आले की आप्पा अर्ध्यातच झडप घालायचे. त्यांच्या कचेरीच्या भाषेतून आलेले शब्द ते, फक्त कपडे बदलून बसलेले. एकदा म्हणाले, "हे तर वळखीचे निघाले की." फार दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं.

ते पुस्तक संपायला पावसाळा उलटला. मग चिटणीस दुसरं देऊन गेले, मग तिसरं. सगळी राजवाड्यांचीच. चिटणिसांनी पुन्हा बोलायला बोलावलं, तर आप्पांनी कळवलं की स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय यापुढं कशाची शिफारस करणार न्हाई, तेव्हा वेळ लागेल. एका संध्याकाळी ते म्हातारे वकील आले. चहा झाला, झरीच्या बाजाराच्या गोष्टी झाल्या, निघताना त्यांनी तीन राण्यांचं पुस्तक मागितलं. मग आवाज उतरवून विचारलं, अक्षर मोठं आहे ना? आप्पा म्हणाले, "मोठं हाय. दुपारी येत जा." आणि ते येऊ लागले. दोघं ओसरीवर पाठमोरे बसून वाचायचे, एकमेकांची अडखळ दिसू नये म्हणून.

गेल्या आठवड्यात मी आप्पांकडचं शेवटचं पुस्तक परत करायला वाचनालयात गेले. एका संस्थानिकाच्या मुलीनं स्वतःविषयी लिहिलेलं. चिटणिसांनी कपाटातून ते तीन राण्यांचं पुस्तक काढून माझ्यापुढे उघडलं. आप्पा दुपारी अंघोळ करून, विभूती लावून वाचायला बसायचे. पानांवर त्या भस्माची बोटं उमटली होती, प्रत्येक ओळीखाली, प्रत्येक शब्दाखाली. मग त्यांनी पुढची दोनही काढली. दुसऱ्या पुस्तकात ती विरळ झाली होती, ओळीच्या सुरुवातीला तेवढी. तिसऱ्यात पानाला एखादं बोट. मी परत करायला आणलेलं पुस्तक मग मी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. त्यात एकही बोट नव्हतं.

आणि तरीही ते रोज उंबऱ्याशी येऊन बसत होते. वालूरला जायच्या आदल्या दुपारी त्यांनी हेच पुस्तक माझ्याकडे धरलं होतं आणि एका शब्दावर नजर ठेवून विचारलं होतं, "सूनबाई, हे काय लिवलंय?"

शब्द होता 'राणी'. मी परातीतून मान वर न काढता तो सांगितला होता.